‘दैवी दया’ की ‘दैवी करुणा’? संत फौस्तिनाच्या निमित्ताने

प्रश्न:
आमच्या धर्मग्रामाच्या (चर्चच्या स्थानिक समुदायाच्या) अंकासाठी पोलंडची धर्मभगिनी संत फौस्तिना कोवाल्स्का हिच्यावर लिहिते आहे. ईस्टरनंतरचा रविवार तिच्या भक्तीशी जोडलेला, इंग्रजीत ‘डिव्हाइन मर्सी’. मराठीत काय लिहू: कृपा, करुणा की दया? तिन्ही चालतील असं घरचे म्हणतात, पण माझं मन मानत नाही.

प्रतिसाद:
ताई, ‘कृपा’ आधी बाजूला ठेवा. ख्रिस्ती मराठीत तो शब्द ‘ग्रेस’साठी रुळला आहे. मरियेला आपण ‘कृपापूर्ण’ म्हणतो, आणि ती तर निष्पाप. फौस्तिना बोलते ते पडलेल्याला उचलून घेण्याबद्दल.

तिचा स्वतःचा शब्द पोलिश आहे, ‘मिवोशेर्ज्ये’. त्यात प्रेम आहे आणि हृदय आहे. १९३१ च्या फेब्रुवारीत प्वोत्स्कच्या मठात तिला दर्शन झालं, त्यातही येशूच्या छातीपासून दोन किरण निघतात, एक लाल, एक फिकट. पुढे १९३४ मध्ये विल्नो (आजचं विल्नियस) इथे काझिमिरोव्स्की या चित्रकाराने ते चित्र रंगवलं. हृदयाशी इतकं जवळचं नातं ‘करुणा’ सांभाळते. माझं मत करुणेला.

दुसरा प्रतिसाद:
करुणा सुंदर आहे, पण ती मनातच राहू शकते. एखाद्याकडे पाहून करुणा दाटून येते आणि आपण पुढे चालू लागतो. दया ‘करावी’ लागते. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, आपण ‘प्रभो, दया कर’ म्हणतो, तिथे करुणा बसवून पाहा, प्रार्थनेतला जीव जातो. तुकोबांनीही दयेला कामालाच जुंपलं आहे: ‘दया तिचे नाव भूतांचे पाळण, आणिक निर्दाळण कंटकांचे’.

फौस्तिनाने दयेचे तीन मार्ग लिहून ठेवलेत: कृती, शब्द आणि प्रार्थना. कृती पहिली. ही बाई ग्वोगोव्येत्स गावच्या गरीब घरातली, दहा भावंडांतली तिसरी, शाळा जेमतेम तीन वर्षं. मठात स्वयंपाकघर, बाग आणि दार सांभाळणं ही तिची कामं. एका थंड, पावसाळी दिवशी दाराशी अनवाणी, फाटक्या कपड्यांतला एक तरुण आला आणि काहीतरी गरम खायला मागू लागला. स्वयंपाकघरात गरिबांसाठी काही उरलं नव्हतं. तिने शोधाशोध करून थोडं सूप मिळवलं, गरम केलं, त्यात पाव कुस्करून दिला. तो कोण होता हे तिला नंतर उमगलं: स्वतः येशू. मला तिच्या दर्शनांपेक्षाही हा प्रसंग जास्त भिडतो. या सुपाला मी दयाच म्हणेन.

मूळ प्रश्नकर्ती:
पण ‘कुणाच्या दयेवर जगणं’, ‘दया दाखवणं’ यात हल्ली उपकाराचा वास येतो, त्याचं काय?

दुसरा प्रतिसाद, पुढे:
येतो, खरं आहे. म्हणून शब्द टाकून देऊ नये, त्याची क्रियापदं बदलावीत. ‘दाखवणे’ नको, ‘करणे’ लिहा. देवाच्या बाजूने ‘दयेचा सागर’ म्हटलं की उपकाराची छटा राहत नाही. विशेषण हवं तिथे आपलं ‘कनवाळू’ आहेच, विठोबासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेलं. गोव्यातले कोकणी ख्रिस्ती लोक याच अर्थाने ‘काकळूट’ म्हणतात. मराठीत काकुळतीला येतो तो मागणारा, आणि तिथे काकळूट देवाची.

आणखी एक प्रतिसाद:
चित्राखालच्या ओळीकडेही लक्ष द्या: ‘येझू, उफाम तोब्ये’. पुष्कळदा ‘येशू, मी तुझ्यावर विश्वास ठेवतो’ असं केलं जातं. पण विश्वास म्हणजे श्रद्धेची कबुली, उपासनेत म्हणतो त्या ‘मी विश्वास धरतो’ वाली. इथे आहे तो भरवसा. ‘येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे’ हेच लिहा. तिच्या सगळ्या भक्तीचा पाया भरवसा आहे. त्याविना दया ऐकीव राहते.

भाषांतराची काळजी इथे वायफळ नाही. १९५९ मध्ये रोमने या भक्तीच्या प्रसारावर बंदी घातली, त्यामागच्या कारणांत तिच्या लिखाणाची सदोष भाषांतरंही सांगितली जातात. क्राकुफचे आर्चबिशप कारोल वोयतिवा यांनी मूळ लिखाणाची नव्याने छाननी करवली, १९७८ मध्ये बंदी उठली, आणि त्याच वर्षी तेच पोप जॉन पॉल दुसरे झाले. ३० एप्रिल २००० ला त्यांनी तिला संत घोषित केलं. ५ ऑक्टोबर १९३८ ला क्षयाने गेली तेव्हा ती ३३ वर्षांची होती, आणि मागे सहा वह्या होत्या. त्यांना लेखात ‘दैनंदिनी’ म्हणा, ‘आत्मचरित्र’ नको. शीर्षकात ‘दैवी दया’ चालेल, आत करुणा हवी तिथे खुशाल येऊ द्या.