महोत्सवाचे शुल्क, पहिला खेळ आणि आपले गाव

वाळवंटीकाठ :
परवा येथे, या चर्चेच्या पानावर, एक टिपण आले. गोव्यातील स्वतंत्र चित्रपटकर्त्यांनी महोत्सवांच्या नादी लागू नये, प्रवेश शुल्क म्हणजे जुगारात टाकलेला पैसा, निवड ओळखीपाळखीने होते, त्यापेक्षा चित्रपट पुरा होताच गावच्या देवळासमोर पडदा लावून तो दाखवावा आणि मोकळे व्हावे, असा त्याचा आशय होता. त्याला मिळालेली पसंती पाहून मला गप्प राहवले नाही. हा सल्ला ऐकून साखळी-वाळपईकडचा एखादा मुलगा आपला पहिलाच चित्रपट घरी ठेवील, ही भीती मला खरी वाटते.

ओळखीचा आरोप आधी घेतो. 2009 साली टोरांटो महोत्सवात लक्ष्मीकांत शेटगावकर यांच्या ‘पलतडचो मनीस’ला फिप्रेस्की, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट समीक्षक संघाचा, पुरस्कार मिळाला. सीमेवरच्या रानातला एक वनरक्षक आणि मानसिक संतुलन हरवलेली एक बाई, यांची ती गोष्ट. परदेशी प्रेक्षकाची सोय व्हावी म्हणून तिच्यात काही घातल्याचे मला कोठेही जाणवले नाही. 2014 साली ‘किल्ला’चा बर्लिनला आणि ‘कोर्ट’चा व्हेनिसला गौरव झाला. 2025 साली रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ने सनडान्समध्ये जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळवले. त्या वर्षी सनडान्सकडे पूर्ण लांबीचे चार हजारांहून अधिक चित्रपट आले होते आणि या विभागात जागा होत्या दहा. त्या दहांत एक मराठी चित्रपट बसतो, आणि आपण येथे बसून दार बंद असल्याचे सांगतो.

पैसा वाया जातो तो आंधळेपणाने पाठवल्यामुळे. महोत्सवांना प्रवेशिका पाठवण्याच्या फिल्मफ्रीवे या संकेतस्थळावर कार्ड जोडले की एका रात्रीत वीस ठिकाणी प्रवेशिका जाते आणि पुष्कळ जण तेच करतात. मोजके महोत्सव निवडावेत, त्यांनी मागील काही वर्षांत कोणत्या जातीचे चित्रपट दाखवले ते पाहावे, पहिल्या मुदतीतच पाठवावे, कारण पुढच्या मुदतीत शुल्कही चढते आणि जागाही भरत आलेल्या असतात, आणि शुल्क झेपत नसेल तर माफीसाठी सविस्तर पत्र लिहावे. असे पत्र लिहिण्यात कमीपणा नाही. पुष्कळ महोत्सव त्याचा विचार करतात. मात्र चित्रपट आधी गावात जाहीरपणे दाखवू नये. व्हेनिसच्या स्पर्धा विभागांना जगात प्रथमच दाखवला जाणारा चित्रपट लागतो. पहिला खेळ एकदाच होतो.

तिस्क-फोंडा :
ते टिपण माझे आहे आणि त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. आपण दिलेली उदाहरणे सगळी यशाची आहेत. ‘पलतडचो मनीस’ची निर्मिती एनएफडीसीची, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची, होती आणि ‘साबर बोंडं’ची संहिता व्हेनिसच्या बिएनाले कॉलेज या नव्या चित्रपटकर्त्यांसाठीच्या उपक्रमातून घडत गेली. त्या चित्रपटांबद्दल मला आदरच आहे, परंतु माझे टिपण ज्यांना असा आधार मिळाला त्यांच्यासाठी नव्हते. ज्याने पतसंस्थेचे कर्ज काढून कॅमेरा भाड्याने आणला आणि ज्याला आता युरोंत शुल्क भरायचे आहे, त्याच्यासाठी ते होते.

माझा अनुभव ऐका. एका युरोपीय महोत्सवाला मी चित्रपट पाठवला. व्हिमिओ या चित्रफितींच्या संकेतस्थळावरचा दुवा केवळ त्यांच्यासाठी वेगळा काढला होता, परवलीचा शब्दही वेगळा ठेवला होता. नकाराचे पत्र आले त्याच संध्याकाळी मी त्या दुव्याच्या आकडेवारीचे पान उघडले. पाहिल्याची संख्या शून्य होती आणि उतरवून घेतल्याची संख्याही शून्य होती. पत्रात मात्र लिहिले होते की, आमच्या निवड समितीला आपला चित्रपट अतिशय भावला. जो कोणी उघडलाच नाही तो भावला कसा? चित्रपट नाकारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे, पण न पाहता शुल्क ठेवून घेणे ही फसवणूक आहे आणि तिला मी दुसरे नाव देणार नाही. दर महिन्याला पुरस्कार वाटणारे आणि मानचिन्हाचे पैसे वेगळे मागणारे ऑनलाइन महोत्सव तर याहून निर्लज्ज आहेत. आपल्याकडे कित्येक पोस्टरांवर अशा महोत्सवांची नावे लिहिलेली पानांची वर्तुळे मिरवत असतात.

आगरवाडा :
मी एका लहान महोत्सवासाठी प्राथमिक निवडीचे चित्रपट पाहते, म्हणून दोन्ही बाजूंना काही सांगण्याचा हक्क मला आहे असे वाटते. तिस्क-फोंडा, आपल्याशी जे झाले त्याचे समर्थन मी करणार नाही. दुवा उघडला नसेल तर शुल्क परत दिलेच पाहिजे. परंतु जेथे चित्रपट प्रामाणिकपणे पाहिले जातात तेथेही आपल्याकडचे चित्रपट का मागे पडतात, हे कोणी मोकळेपणाने बोलत नाही, आणि मला ते फार लागते.

मागे आलेल्या एका चित्रपटात भर दुपारच्या मिठागरातला प्रसंग होता. मीठ पांढरे, आकाश पांढरे आणि त्यावर इंग्रजी उपशीर्षके पांढरीच, काळी कडसुद्धा नसलेली. ज्या संवादावर अख्खी गोष्ट वळते तो तेथेच होता आणि माझ्या बिगरमराठी सहकाऱ्याला त्यातले एक अक्षर वाचता आले नाही. तो प्रसंग मी त्याला तोंडी समजावून सांगितला, पण असे समजावणारे माणूस प्रत्येक समितीत बसलेले नसते. दुसरा एक चित्रपट सेकंदाला चोवीस चौकटींवर केलेला होता आणि उपशीर्षके पंचवीसच्या हिशेबाने बसवलेली होती. अर्ध्या तासानंतर ती बोलणाऱ्याच्या एवढी पुढे जाऊ लागली की उत्तर आधी वाचायचे आणि प्रश्न नंतर ऐकायचा. आरंभीच्या आभाराच्या पाट्या आणि माडांवरून उडणारा ड्रोन यांत पहिली तीन मिनिटे गेली, तर गोष्ट सुरू होण्याआधीच पाहणाऱ्याचे लक्ष उडते. हे सारे पैशाशिवाय सुधारण्यासारखे आहे.

मळा, पणजी :
उपशीर्षके सुधारली म्हणजे न्याय मिळतो असे समजू नका, ताई. 2017 साली इफ्फीच्या, म्हणजे गोव्यात भरणाऱ्या भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, इंडियन पॅनोरमा या भारतीय चित्रपटांच्या विभागासाठी परीक्षकांनी निवडलेले ‘न्यूड’ आणि ‘एस. दुर्गा’ हे दोन चित्रपट माहिती व प्रसारण मंत्रालयाने वगळले. त्यांतला ‘न्यूड’ मराठी होता. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. चित्रपट चांगला होता, परीक्षकांनी तो स्वीकारला होता, तरीही तो पडद्यावर आला नाही. हे आपल्याच पणजीत घडले.

वाळवंटीकाठ :
2017 साली घडले ते चुकीचेच होते, त्याबद्दल माझा वाद नाही. परंतु त्या एका प्रसंगावरून दारच सोडून द्यावे असे होत नाही. 2004 पासून इफ्फी आपल्या दारात भरते. पॅनोरमात दरवर्षी जास्तीत जास्त 25 कथापट आणि 20 कथाबाह्य चित्रपट घेतले जातात. फिल्म बाजार हा चित्रपटांच्या व्यवहाराचा मेळावा 2007 पासून येथेच भरतो, देशोदेशींचे निवडकर्ते तेथे येतात, आणि मुंबई-पुण्याच्या मुलांना त्यासाठी जो प्रवासखर्च येतो तो आपल्याला पडत नाही.

तिस्क-फोंडा :
मग मला एवढे सांगा की पॅनोरमात चित्रपटगृहांत आधीच लागून गेलेले चित्रपट असतात की नाही? असतात. म्हणजे आपल्याच दारातल्या महोत्सवाला पहिल्या खेळाचा आग्रह नाही, आणि आपण व्हेनिसचा नियम सांगून गावाला थांबवता. व्हेनिसला किती जणांचे चित्रपट जाणार आहेत? माझ्या चित्रपटात ज्या आजींनी काम केले त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे. त्यांच्याच घरात चित्रीकरण झाले, महिनाभर त्यांनी आम्हा सर्वांना पेज वाढली. परदेशातील समितीचे उत्तर येईपर्यंत आठ महिने थांबा, असे त्यांना मी कोणत्या तोंडाने सांगू? ज्या गावात रात्रभर दशावतार पाहायला माणसे घोंगड्या घेऊन बसतात, त्या गावाला प्रेक्षक म्हणून शेवटी ठेवायचे, ही मला कृतघ्नता वाटते. आपल्याला तसे वाटत नसेल तर आपले आणि गावाचे नाते काय आहे, हे आपणच तपासावे.

वाळवंटीकाठ :
माझे गावाशी नाते काय आहे हे आपण मला विचारू नये. ज्या सभामंडपात पडदा लावण्याच्या गोष्टी आपण करता, तशाच एका सभामंडपात मी लहानपणापासून नाटके केली आहेत, आणि गावाला शेवटी ठेवावे असे मी कोठेही लिहिलेले नाही. देवळासमोर जाहीर खेळ लावला की वर्तमानपत्रात बातमी येते, भ्रमणध्वनीवर काढलेले तुकडे फिरू लागतात आणि पहिला खेळ झाल्याची नोंद कायमची राहते. शिवाय सार्वजनिक खेळाला 1952 च्या कायद्यानुसार प्रमाणपत्र लागते. महोत्सवांना मंत्रालयाकडून सूट मिळू शकते, तशी देवळासमोरच्या पडद्याला आपोआप मिळत नाही. हे कोणी पहिला चित्रपट करणाऱ्या त्या मुलाला सांगितले आहे काय?

मळा, पणजी :
प्रमाणपत्राचा मुद्दा बरोबर आहे. आमच्या लघुपटाच्या वेळी एका सभागृहाच्या व्यवस्थापनाने ऐन वेळी तेच मागितले आणि खेळ रद्द करावा लागला. तरीही तिस्क-फोंडा यांच्या बोलण्यातली कळकळ मला अधिक पटते. महोत्सवातला दुपारचा खेळ अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांपुढे होतो, आणि ज्यांच्यावर चित्रपट आहे त्यांतल्या कोणाजवळ महोत्सवात प्रवेश देणारे प्रतिनिधी-पत्र नसते.

आगरवाडा :
दोघांनीही थोडे शांत व्हावे, ही विनंती. चित्रपटात काम केलेली माणसे आणि त्यांची घरची मंडळी यांच्यापुरता, निमंत्रणावर, तिकीट आणि जाहिरात न करता केलेला खेळ महोत्सव सहसा पहिला खेळ धरत नाहीत. शंका असेल तर प्रवेशिका भरण्याआधी त्यांना लिहून विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. त्या आजींना आठ महिने थांबवण्याचे काहीच कारण नाही. उलट त्यांच्याबरोबर पाहताना संवाद कोठे ऐकू येत नाही हे जसे कळते, तसे संकलनाच्या खोलीत कळत नाही.

तिस्क-फोंडा :
निमंत्रितांचा खेळ चालतो हे मला कोणी आजवर सांगितले नव्हते. ते खरे असेल तर आजींच्या घरच्या पडवीत मी तो पुढच्याच आठवड्यात करतो. मोजके महोत्सव निवडावेत, हेही मी मान्य करतो. परंतु ज्या महोत्सवाने दुवा उघडला नाही त्याच्याबद्दलचे माझे मत बदललेले नाही, आणि प्रत्येक महोत्सवासाठी वेगळा दुवा काढावा, आकडेवारी तपासावी आणि शून्य दिसल्यास शुल्क परत मागावे, असे मी सर्वांना सांगत राहणार. जाहीर खेळासाठी मी एक वर्ष थांबेन, त्याहून अधिक नाही. तोवर उत्तर आले नाही तर प्रमाणपत्र घेऊन गावातच लावीन.

वाळवंटीकाठ :
एक वर्ष पुरेसे आहे. बहुतेक महोत्सवांचे चक्र तेवढ्यात पुरे होते. शुल्क परत मागण्याच्या पत्राचा मसुदा आपण येथे ठेवलात तर मीही तो वापरीन. गावाबद्दल आपण मला जे सुनावले ते मात्र मला मान्य नाही, आणि ते मी येथेच नोंदवून ठेवतो.