मदत हवी आहे: दुकानातला कॉम्प्युटर सुरू व्हायला दहा मिनिटं, पासवर्ड टाकल्यावर तर हलतच नाही

नमस्कार मंडळी,

सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात मी हिशोब बघते. इथला डेस्कटॉप सकाळी चालू करायचा म्हणजे आता पोटात गोळा येतो. सौदे उरकले की शेतकरी पट्टीसाठी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाच्या कागदासाठी, काउंटरला येऊन उभे राहतात. कुणी जतकडचे, कुणी पार कर्नाटकातले. परतीची गाडी खोळंबलेली असते आणि माझ्या स्क्रीनवर नुसतं गोल चक्र फिरत असतं. त्यांना "दोन मिनिटं थांबा" म्हणताना मलाच वाईट वाटतं.

मशीन असेंबल केलेलं आहे. इंटेल आय३, सहाव्या पिढीचा. रॅम ८ जीबी, साधी १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १० प्रो. त्यावर टॅली, जीएसटीचं काम, डिजिटल सहीचं टोकन, दोन प्रिंटर. बाकी गाणी-सिनेमे काही नाही.

आता लक्षणं सांगते. सकाळी बटण दाबलं की काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी येतं आणि एफ१ दाबायला सांगतं. ते दाबलं की पुढे जातं. पासवर्डची चौकट यायला एकंदर तीनेक मिनिटं. पासवर्ड टाकला की 'वेलकम' बराच वेळ, मग डेस्कटॉप दिसतो. पण दिसतो एवढंच! टॅलीवर क्लिक केलं तर पाच-सहा मिनिटं काही होत नाही. एकदा सुरळीत झाला की दुपारपर्यंत बरा चालतो, मोठी लेजर उघडताना तेवढा अडखळतो.

आणखी एक, उपयोगी आहे की नाही माहीत नाही. दुपारी कधी रिस्टार्ट केला तर एफ१ विचारत नाही, पण गोल चक्र सकाळपेक्षाही जास्त वेळ फिरतं. हे उलटं कसं?

दोन दुरुस्तीवाल्यांना विचारून झालं. एक म्हणाले फॉरमॅट मारा, दुसरे म्हणाले रॅम वाढवा. सुरू करून, शेजारी बसून कुणीच बघितलं नाही. मालक पैसे द्यायला तयार आहेत, पण कशावर खर्च करायचा ते मला नीट कळल्याशिवाय मी त्यांना सांगणार नाही. सीझन चालू आहे, चुकीचा प्रयोग परवडणार नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद (मिरज)

ताई, लक्षणं इतकी व्यवस्थित लिहिलीत की अर्धं काम झालं. मी ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळायचं काम करतो, त्यावरून सांगतो.

'स्लो आहे' या एका तक्रारीत तुमच्याकडे निदान तीन वेगळे आजार दिसताहेत. बटणापासून विंडोजचं चक्र येईपर्यंतचा वेळ मदरबोर्डचा. चक्रापासून पासवर्डच्या चौकटीपर्यंतचा वेळ विंडोज आणि डिस्कचा. पासवर्डनंतरचा वेळ तुमच्या यूजर प्रोफाइलचा, म्हणजे तुमच्या नावाने जे जे आपोआप सुरू होतं त्याचा. प्रत्येकाचं औषध वेगळं. म्हणून आधी मोजा. मोबाइलचं स्टॉपवॉच लावा आणि तिन्ही वेळा वेगवेगळ्या लिहून काढा.

एफ१ चं उत्तर आत्ताच देतो. दुकान बंद करताना तुम्ही मेन स्विच पाडता ना? मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाचा नाण्याएवढा सेल असतो. मेन लाइट बंद असताना घड्याळ आणि बायॉसची (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डातल्याच प्रोग्रामची) सेटिंग तोच जपतो. तो मेला की रोज सकाळी बोर्ड सगळं विसरतो. दुपारच्या रिस्टार्टला वीज चालूच असते, म्हणून तेव्हा एफ१ येत नाही. सकाळी तारीख जुनी दिसते का, आणि जीएसटीची साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणते का, ते बघा. तारीख चुकली की सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र ब्राउझरला मुदतीबाहेरचं वाटतं.

रिस्टार्टचं कोडंही सुटतं. विंडोज १० मध्ये 'फास्ट स्टार्टअप' असतं. शटडाउन केलं की विंडोज आपला गाभा डिस्कवरच्या एका फाइलमध्ये जपून ठेवतं आणि सकाळी तोच उचलतं. रिस्टार्टला मात्र सगळं पहिल्यापासून वाचावं लागतं. म्हणजे खरी गती रिस्टार्टची. सकाळची वेळ सवलतीत मिळालेली आहे. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर 'अप टाइम' बघा. रोज रात्री शटडाउन करूनही तिथे कितीतरी दिवस दिसतील, ते यामुळेच.

आता एवढं करून बघा. डेस्कटॉप दिसताच कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा आणि डिस्कचा आकडा बघा. स्टार्टअपच्या पानावर वर कोपऱ्यात 'लास्ट बायॉस टाइम' असतो, तो टिपा. मग इव्हेंट व्ह्यूअर उघडून ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्स, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्स, ऑपरेशनल असं आत जा. तिथली १०० क्रमांकाची नोंद म्हणजे त्या दिवशीच्या बूटचा हिशोब, मिलिसेकंदांत. कुठल्या प्रोग्रामने उशीर केला तेही त्याच्या पुढच्या क्रमांकांच्या नोंदींत नावानिशी सापडतं.

आणि हे सगळं करायच्या आधी टॅलीचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. आज, आत्ता.

प्रतिसाद (पुणे)

एवढं कशाला? एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) टाका, विषय संपला. माझा जुना लॅपटॉप वीस सेकंदांत उठतो.

प्रतिसाद (सातारा)

एसएसडी हवीच, पण थांबा. माझा अनुभव तालुक्याच्या गावातल्या ऑनलाइन फॉर्म भरण्याच्या केंद्रातला आहे. आमच्या एका मशीनला एसएसडी टाकूनही पासवर्डनंतर मिनिटभर काळा पडदा यायचा. कारण निघालं नेटवर्क ड्राइव्ह. शेजारच्या कॉम्प्युटरचं फोल्डर 'झेड ड्राइव्ह' म्हणून जोडलेलं होतं आणि तो कॉम्प्युटर कधीच भंगारात गेला होता. विंडोज रोज सकाळी त्याला हाक मारायचं आणि उत्तराची वाट बघत बसायचं. डिस्क कितीही वेगवान असू दे, ती वाट बघण्याचा वेळ कमी होत नाही.

ताई, एक सोपी परीक्षा करा. सेटिंगमधून एक नवीन साधं यूजर खातं तयार करा, मशीन रिस्टार्ट करा आणि त्या खात्याने लॉगिन करा. पहिल्या वेळी विंडोज प्रोफाइल तयार करतं, म्हणून ती वेळ सोडून द्या, दुसऱ्या वेळची धरा. नव्या खात्यात लवकर उठला तर दोष तुमच्या खात्यात आहे. तिथेही तेवढाच रेंगाळला तर दोष डिस्कमध्ये किंवा विंडोजमध्ये.

डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर, प्रिंटरबरोबर येणारे 'असिस्टंट', दोन-दोन अँटिव्हायरस, हे सगळे पासवर्डनंतर एकदम धावतात. दोन अँटिव्हायरस असतील तर एक आजच काढा. एकाने उघडलेली फाइल दुसरा तपासत बसतो.

धागा काढणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. बॅकअप घेतला, आणि तो घरच्या लॅपटॉपवर उघडून खरंच उघडतो का तेही बघितलं.

मोजमाप: 'लास्ट बायॉस टाइम' सकाळी ५१ सेकंद, दुपारच्या रिस्टार्टला १३. तारीख रोज सकाळी २०१५ सालात जाते. जीएसटीच्या साइटचंही तुम्ही म्हणालात तेच! मी इतके दिवस साइटलाच दोष देत होते, कारण तासाभराने ती आपोआप उघडायची.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये रिस्टार्टच्या नोंदीत 'मेनपाथबूटटाइम' (डेस्कटॉप दिसेपर्यंतचा वेळ) १,७२,००० च्या आसपास आणि 'बूटपोस्टबूटटाइम' (त्यानंतर मशीन स्थिरावेपर्यंतचा) ३,४०,००० च्या वर. डेस्कटॉप आल्यावर डिस्क १०० टक्के, पण वाचण्याचा वेग जेमतेम दोन-तीन एमबी. हे मला खटकलं. एवढी राबतेय आणि हाताला काहीच लागत नाही?

झेड ड्राइव्ह आहे, लाल फुलीसकट. मागच्या गोडाऊनमधला कॉम्प्युटर दिवाळीला काढून टाकला, त्याचं फोल्डर. नव्या खात्यात 'वेलकम' झटकन जातो, पण डेस्कटॉप आल्यावर तिथेही क्लिक घेत नाही.

प्रतिसाद (मिरज)

वा! आता चित्र स्वच्छ झालं. 'वेलकम'चा उशीर झेड ड्राइव्हचा, कारण नव्या खात्यात तो ड्राइव्ह नाही आणि उशीरही नाही. 'धिस पीसी'मध्ये त्यावर राइट क्लिक करून 'डिस्कनेक्ट' करा. डेस्कटॉपवर त्या फोल्डरचे शॉर्टकट असतील तर तेही पुसा, आणि गोडाऊनमधल्या कॉम्प्युटरला जोडलेला प्रिंटर यादीत उरला असेल तर तोही.

५१ आणि १३ मधला फरक सेलचा. सेटिंग विसरल्यावर काही बोर्ड आधी नेटवर्कवरून बूट शोधतात आणि मग डिस्ककडे वळतात. तसं असेल तर एफ१ ची वाट अधिक तो शोध, दोन्ही त्या ५१ सेकंदांत आहेत. सेल बदला, मग बायॉसमध्ये तारीख लावून पहिला क्रमांक डिस्कला द्या.

काळजी डिस्कची आहे. १०० टक्के राबून दोन-तीन एमबी हे लहान-लहान फाइली वाचताना साध्या डिस्कलाही होतं. फिरती हार्ड डिस्क सेकंदाला शंभराच्या आसपासच वेगवेगळ्या जागा गाठू शकते, कारण तिची सुई खरोखर जागची हलावी लागते. बूट होताना हजारो छोट्या फाइली लागतात. पण लेजर उघडताना अडखळणं मला बरं वाटत नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाकून बघा. वर 'गुड' निळं आहे की 'कॉशन' पिवळं? ०५, सी५ आणि सी७ या ओळी सांगा.

धागा काढणारी

पिवळं आहे. ०५ आणि सी५ दोन्हींपुढे पिवळा ठिपका. सी७ निळं.

झेड काढला, 'वेलकम' आता लगेच जातो. सेल स्टेशन रोडवरून आणला आणि कॅबिनेट उघडलं. आत प्रोसेसरच्या पंख्याच्या पात्यांवर आणि खालच्या ॲल्युमिनियमच्या फटींमध्ये हळदीचा पिवळा थर असा बसलाय की फट दिसतच नाही. ब्रशने हळूहळू काढला. सेल बदलल्यावर आज सकाळी एफ१ आलं नाही, तारीख बरोबर.

आता डिस्कचं काय? 'चेकडिस्क' चालवू का रात्रभर?

प्रतिसाद (मिरज)

नको! सी५ म्हणजे जे भाग डिस्कला आता नीट वाचता येत नाहीत ते. ०५ म्हणजे जे खराब ठरवून बाजूला काढले ते. अशा डिस्कवर रात्रभर पूर्ण तपासणी लावली की उरलेली ताकदही त्यातच जाते, आणि कधीकधी सकाळी ती उठतच नाही. आधी सगळा डेटा काढून घ्या. सी७ निळं आहे म्हणजे केबलवर संशय नाही, डिस्कच थकली आहे. वाचता न येणाऱ्या भागाशी ती पुन्हा पुन्हा झटते, तोवर बाकी सगळं थांबतं. तुमची पाच-सहा मिनिटं बहुतेक इथेच जातात.

आता एसएसडी घ्या, माझं पूर्ण अनुमोदन. सहाव्या पिढीच्या कित्येक स्वस्त बोर्डांवर एम.२ ची (पट्टीसारखी एसएसडी थेट बोर्डावर बसवायची) खाच नसते, म्हणून अडीच इंची साटा, म्हणजे केबलने जोडायची, घ्या. तुमच्या कामाला ५०० जीबी पुरे. रॅम ८ जीबी ठीक आहे, तिथे पैसे घालू नका. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करत बसू नका. खराब भागापाशी ती अडकते. विंडोज नव्याने टाका, मग टॅली, टोकन, प्रिंटर, आणि शेवटी डेटा.

मालकांना एक गोष्ट मात्र आधीच सांगा. विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे हे सहाव्या पिढीचे प्रोसेसर नाहीत. साधारण आठव्या पिढीपासून पुढचे आहेत. म्हणजे ही एसएसडी या सीझनची सोय. बँक आणि जीएसटी याच मशीनवर चालतं, तेव्हा सीझन संपला की नवं मशीन बघावंच लागेल. एसएसडी तेव्हा त्यातही बसवता येईल, पैसे वाया जाणार नाहीत.

प्रतिसाद (सातारा)

नवीन विंडोजमध्ये टोकनचं सॉफ्टवेअर टाकलंत की स्टार्टअपच्या यादीत ते बंद ठेवा, सही करायच्या वेळी हाताने उघडा. बहुतेक टोकनांना तेवढं चालतं. अँटिव्हायरस मात्र स्टार्टअपमधून बंद करू नका, तो एकच आणि चालू असू दे.

धागा काढणारी

काल दुकान बंद झाल्यावर बसून सगळं केलं, मिरजेचे दादा फोनवर होते. आज बटणापासून टॅली उघडेपर्यंत एक मिनिटही लागलं नाही. पहिल्या शेतकऱ्याची पट्टी तो चहा संपवायच्या आत हातात दिली. मालकांना आकडे दाखवले, नव्या मशीनलाही हो म्हणालेत.

शेवटचा प्रश्न: जुनी डिस्क बॅकअपसाठी वापरू का? १ टीबी आहे, टाकवत नाही.

प्रतिसाद (मिरज)

बॅकअपसाठी मुळीच नाही. जीएसटीच्या नियमाप्रमाणे हिशोब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावा लागतो, तो अशा डिस्कच्या भरवशावर ठेवू नका. महिनाभर ती तशीच बाजूला ठेवा, काही फाइल राहून गेली असेल तर सापडेल, मग नष्ट करा. बॅकअपला नवीन बाहेरची डिस्क घ्या आणि ती दुकानाच्या टेबलाच्या खणात ठेवू नका. २०१९ चा पूर आपण सगळ्यांनी बघितलाय. एक प्रत घरी, वरच्या मजल्यावर असू द्या.