बाबांना अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा मोठा सामना दाखवायचा आहे : जागा कुठली घ्यावी, खेळ कसा समजवावा?

लालबागची लेक

नमस्कार. माझी धाकटी बहीण अमेरिकेत ॲन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठात शिकते आणि येत्या हंगामात मी बाबांना घेऊन तिच्याकडे जाणार आहे. बाबांचे वय 72 आहे, उजव्या गुडघ्याची झीज झाली आहे, मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. पण खेळ पाहण्याची हौस तसूभरही कमी झालेली नाही. मी शाळेत असताना ते मला मुंबईच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स चषकाचे फुटबॉल सामने पाहायला नेत असत. पुढच्या माणसाच्या डोक्याआड चेंडू दिसेनासा झाला की ते मला बगलेत धरून वर उचलत आणि चेंडू आता कोणाकडे आहे, हे कानाशी सांगत राहत. आता तिकीट मी काढावे आणि त्यांनी नुसते येऊन बसावे, अशी माझी फार इच्छा आहे.

बहीण म्हणते की तिच्या ओळखीने विद्यार्थ्यांच्या विभागातली तिकिटे स्वस्तात मिळतील आणि पाहायचाच असेल तर ओहायो स्टेट या शेजारच्या राज्यातल्या विद्यापीठाविरुद्धचा सामना पाहावा. एवढ्या गर्दीत बाबांना नेणे योग्य ठरेल का? शिवाय तिथला फुटबॉल हा कूपरेजवरचा फुटबॉल नव्हे. तो त्यांना आधी कसा समजावून सांगावा? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

मुलुंडकर

बाबांना अवश्य न्या. मी तीन वर्षांपूर्वी माझ्या आईला ॲन आर्बरच्या याच मिशिगन स्टेडियममध्ये नेले होते, त्यामुळे जागेविषयी खात्रीने लिहू शकतो. तिथे 1,07,601 प्रेक्षकांची सोय आहे, म्हणजे आपल्या वानखेडेच्या तिपटीहून अधिक. आणि कोरोनाचा 2020 चा हंगाम वगळला तर 1975 पासून तिथल्या प्रत्येक सामन्याला लाखाहून जास्त माणसे आलेली आहेत. गर्दी शिस्तीची असते, धक्काबुक्की होत नाही, पण आत शिरताना आणि बाहेर पडताना बरेच चालावे लागते, हे गुडघ्याच्या दृष्टीने लक्षात ठेवा.

विद्यार्थ्यांच्या विभागातली तिकिटे मात्र घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाली तरी. तिथली मुले संपूर्ण सामना उभे राहून पाहतात. मग मागच्यालाही उभे राहावेच लागते आणि सामना चालतो सुमारे साडेतीन तास. बाबांना एक तर साडेतीन तास उभे राहावे लागेल, नाही तर मुलांच्या पाठी पाहत बसावे लागेल.

दुसरी गोष्ट अशी की, या स्टेडियममधल्या बैठकांचा मोठा भाग जमिनीच्या पातळीखाली आहे. दारातून आत गेल्यावर आपण वरच्या भागात असतो आणि तिथून पायऱ्या मैदानाकडे खाली उतरत जातात. पुढच्या रांगेचे तिकीट भारी, अशी आपली समजूत असते. इथे ती सोडून द्यावी. पुढे बसल्यास कडेला उभे असलेले राखीव खेळाडू आडवे येतात, आणि स्वच्छतागृहात जायचे म्हटले की सगळ्या पायऱ्या चढून वर यावे लागते. आम्ही मैदानाच्या लांब बाजूकडची, वरच्या रांगेतली, जिन्याला लागून असलेली जागा घेतली होती आणि तिथून खेळाची मांडणीही उत्तम दिसली. बाबांना पायऱ्या अजिबात झेपत नसतील, तर चाकाच्या खुर्चीची आणि सोबत्याची जागा असलेली तिकिटे वेगळी मिळतात. त्यासाठी तिकीट कार्यालयाला आधी कळवावे लागते.

बसायला बहुतेक ठिकाणी पाठ नसलेली ॲल्युमिनियमची बाके आहेत आणि एका माणसाच्या वाट्याला जेमतेम दीड फूट जागा येते. मी आईसाठी सोलापुरी चादर नेली होती. पहिले दोन तास तिची घडी बाकावर होती, ऊन उतरल्यावर तीच चादर आईने गुडघ्यांवर ओढून घेतली. तुम्हीही एक घेऊन जा.

कबड्डीवाला, दादर

खेळ समजावण्यासाठी कबड्डीचा आधार घ्या. माझ्या वडिलांना मी असाच समजावला होता आणि अर्ध्या तासात ते पंचांच्या आधी निर्णय सांगू लागले.

दोन्हीकडे 11-11 खेळाडू असतात आणि गोलरेषांमधले मैदान 100 यार्डांचे असते. चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला चार प्रयत्न मिळतात. त्या चार प्रयत्नांत किमान 10 यार्ड पुढे सरकले तर पुन्हा नवे चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू समोरच्या संघाकडे जातो. यातल्या प्रत्येक प्रयत्नाला चढाई समजा. चेंडू हातात घेऊन धावणाऱ्याला खाली पाडले की ती संपली, आणि पुढची चढाई तिथूनच सुरू. प्रो कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’ असते, तशी इथे चौथी. फरक इतकाच की चौथ्या वेळी संघाला पर्याय असतो: जोखीम घेऊन पुढे जायचे, लाथेने चेंडू दूर धाडून समोरच्या संघाला मागे ढकलायचे, किंवा गोलखांब आवाक्यात असतील तर त्यांच्यामधून चेंडू मारून 3 गुण घ्यायचे. चेंडू समोरच्या गोलरेषेपलीकडच्या शेवटच्या पट्ट्यात नेला की 6 गुण आणि त्यानंतर लाथेने आणखी 1 गुण मिळवण्याची संधी. सुरुवातीला एवढे पुरे. बाकीचे नियम बाबा पाहता पाहता विचारतील आणि विचारू द्यावेत.

एक मात्र आधीच सांगून ठेवा. 15 मिनिटांचे चारच डाव असले तरी घड्याळ वारंवार थांबते, आणि दोन चढायांमध्ये खेळाडू घोळका करून बेत ठरवतात. कूपरेजवर सलग खेळ पाहिलेल्या माणसाला सुरुवातीला हे रखडल्यासारखे वाटते. त्या वेळात कोण कुठे उभा राहतो आहे ते पाहायला सांगा, कारण या खेळाची खरी बुद्धी त्या मांडणीत आहे.

विलेपार्ल्याची वाचक

पिशवीबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. आम्ही दुसऱ्या एका विद्यापीठाच्या सामन्याला गेलो होतो. वडिलांच्या गोळ्या, राजगिऱ्याचे लाडू आणि पाण्याची बाटली असलेली कापडी पिशवी दारावर अडवली गेली आणि ती गाडीत ठेवून परत येईपर्यंत पहिला डाव संपत आला होता. वडील काही बोलले नाहीत, पण आतला जल्लोष ऐकत त्या वाहनतळातून त्यांच्यासोबत चालताना मला फार वाईट वाटले. बहुतेक स्टेडियममध्ये साध्या पिशव्या चालत नाहीत आणि एकदा बाहेर पडल्यावर पुन्हा आत घेत नाहीत. औषधे तपासून आत सोडतात. ती मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह खिशात ठेवा. त्या सामन्याचे नियम आदल्या दिवशी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर वाचा.

सामन्याची नेमकी वेळ दूरचित्रवाणीच्या सोयीने ठरते आणि पुष्कळदा 12 किंवा 6 दिवस आधीच जाहीर होते. दिवस बहुधा शनिवारचाच असला, तरी त्याच दिवसाचे परतीचे विमान घेऊ नका.

मुलुंडकर

ओहायो स्टेटचा मुद्दा राहिला होता. तो सामना नोव्हेंबरच्या अखेरच्या शनिवारी असतो आणि ॲन आर्बरला फक्त विषम वर्षी होतो. तेव्हा तिथे तापमान शून्याच्या आसपास असू शकते आणि तिकिटे फार महाग असतात. मुंबईत जन्म काढलेल्या बाबांसाठी मी सप्टेंबरचा एखादा सामना निवडीन.

गिरगावचा नातू

मुलुंडकरांशी मी सहमत नाही. हे दोन संघ 1897 पासून एकमेकांशी खेळत आहेत आणि त्या दिवशी सगळे गाव ज्या तळमळीने जमते, ती साध्या सामन्याला दिसत नाही. लोकरीचे कपडे, कानटोपी आणि मोजे असतील तर थंडी निभावते. मात्र सामना कोणताही असो, एक तास आधी जागेवर बसा. सुमारे चारशे वादकांचा विद्यापीठाचा वाद्यवृंद मैदानात धावत येतो आणि वाजवता वाजवता अक्षरांच्या आकृती करतो. लालबागच्या माणसाला ढोलताशाच्या पथकातला ताल आणि रांग यांची पारख असते. बाबांना ते चुकवू देऊ नका.

लालबागची लेक

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर बाबांना चार चढायांचा हिशेब सांगितला. त्यांनी दिनदर्शिकेचे जुने पान उलटे करून त्यावर मैदान आखले, दहा-दहा यार्डांच्या रेषा मारल्या आणि विचारले, “चौथ्या वेळी लाथ मारायची की धावायचे, हे कोण ठरवतो, कप्तान की प्रशिक्षक?” प्रशिक्षक ठरवतो, हे ऐकून त्यांना ते फारसे पटले नाही आणि त्यावर आम्ही बराच वेळ बोलत बसलो. थंडीचा विचार करून सप्टेंबरचा सामना ठरवला आहे. वरच्या रांगेतल्या, जिन्यालगतच्या तीन जागा पाहायला बहिणीला सांगितले आहे, तीही विद्यार्थ्यांना सोडून आमच्यासोबत बसणार आहे. चादर आईने कपाटातून काढून उन्हात टाकली आहे.