मदत हवी आहे : क्राकूवमधील ज्यू-कॅथलिक संवादाबाबत

नमस्कार. मी पोलंडमधील क्राकूव येथे राहतो आणि ज्यू शेजाऱ्यांशी संवाद साधू पाहणाऱ्या, येथील एका चर्चशी जोडलेल्या लहान गटात काम करतो. पोलंडमधील कॅथलिक चर्च 1998 पासून 17 जानेवारीला यहुदी (ज्यू) धर्माचा दिवस पाळते, आणि व्हॅटिकनने 1965 मध्येच ‘नोस्त्रा एताते’ या अधिकृत घोषणापत्राद्वारे येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट ज्यूंवर ठेवणे नाकारले, हे आमच्या गटाला पाठ आहे, अडचण आहे ती रोजच्या व्यवहाराची.

गेल्या बैठकीसाठी आम्ही शनिवारची दुपार निवडली, म्हणजे नेमका शब्बाथ, ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा पवित्र दिवस! तरीही एक वृद्ध ज्यू गृहस्थ चालत आले आणि त्यांच्या धर्मात निषिद्ध असलेल्या डुकराच्या मांसाच्या बशीशेजारी पाण्याचा पेला धरून शांत बसून राहिले. ती बशी मीच मांडली होती, याचे मला फार वाईट वाटते.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी शहराचा जवळजवळ चौथा हिस्सा ज्यू होता. आज उरलेल्या मूठभरांनाच दर वेळी त्या काळाची साक्ष देण्यासाठी बोलावणे मला अन्यायाचे वाटते. बैठकीचा विषय आणि जागा त्यांनीच ठरवावी, असे सुचवावे का? की तेही त्यांच्यावर ओझेच होईल? आंतरधर्मीय गटांत काम केलेल्यांनी कृपया आपला अनुभव सविस्तर कळवावा.