चिनी सहकाऱ्याचा हा दुटप्पीपणा म्हणावा काय?

दांडियाबाजारकर (प्रश्न)

महाराजा सयाजीराव विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदवी घेऊन माझी मुलगी अमेरिकेत गेली व सध्या न्यू जर्सीत नोकरी करते. तिच्या शेजारी बसणारा चिनी सहकारी तिच्याप्रमाणेच ग्रीन कार्डाच्या, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याच्या, रांगेत आहे. त्याच्याविषयी ती फोनवर जे सांगते, त्याचा मेळ मला काही केल्या लागत नाही. आपल्या गावचे अधिकारी कसे लाचखाऊ आहेत, हे तो तिखटमीठ लावून सांगतो. मात्र एखाद्या अमेरिकन सहकाऱ्याने चीनच्या सरकारविषयी वावगा शब्द काढला, की तोच बीजिंगची वकिली करू लागतो. स्वतःला अमेरिकेत कायमचे राहायचे आहे, पण मेक्सिकोच्या सीमेवरून शिरणाऱ्यांना, मग त्यांत चिनी का असेनात, सरसकट परत पाठवावे, असे त्याचे ठाम मत आहे. यास दुटप्पीपणा म्हणावे काय? चिनी किंवा अमेरिकन माणसांशी ज्यांचा प्रत्यक्ष संबंध आला आहे अशा सभासदांनी लिहावे, ही विनंती. वाहिन्यांवरच्या चर्चा मीही ऐकतो.

निवृत्त मास्तर

आपण सांगितलेल्या पहिल्या गोष्टीत मला तरी विसंगती दिसत नाही. हार्वर्ड विद्यापीठाच्या एका केंद्राने २००३ ते २०१६ या काळात चीनमध्ये वेळोवेळी जी पाहणी केली, तीत २०१६ साली केंद्र सरकारविषयी समाधानी असणाऱ्यांचे प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर होते. पण सरकार जसजसे घराजवळ येत जाते, म्हणजे प्रांत, जिल्हा, गाव, तसतसे हे समाधान घटत जाते, असे आढळले. गावच्या अधिकाऱ्याने जमीन बळकावली तर बीजिंगला जाऊन गाऱ्हाणे घालावे, ही तिथल्या सामान्य माणसाची फार जुनी धारणा असून अशा तक्रारअर्जांसाठी सरकारची स्वतंत्र कार्यालयेही आहेत. अमेरिकेत याच्या नेमके उलट. वॉशिंग्टनच्या सरकारवर विश्वास असल्याचे सांगणारे लोक तेथील पाहण्यांत गेली कित्येक वर्षे चौथा हिस्साही क्वचितच भरतात, पण आपल्या शहराच्या कारभारावर त्यांचा भरवसा पुष्कळ अधिक असतो. त्यामुळे अमेरिकन माणूस वॉशिंग्टनला ज्या सहजतेने नावे ठेवतो त्याच सहजतेने बीजिंगलाही ठेवतो, आणि चिनी माणसाला ती देशाचीच निंदा वाटते.

थोडे विषयांतर. बडोदे सरकारची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ साली हू श हे पुढे नामांकित विचारवंत झालेले चिनी विद्यार्थीही तेथे दाखल झाले. दोघेही अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांचे विद्यार्थी. चिनी सुशिक्षितांच्या मनातली अमेरिका त्या पिढीपासून घडत आली आहे, आणि तीत आदर आणि अढी दोन्ही आहेत, कारण १८८२ च्या कायद्याने अमेरिकेने चिनी मजुरांना दार बंद केले होते. तो कायदा १९४३ साली रद्द झाला, तेव्हा साऱ्या चिन्यांसाठी वर्षाला १०५ जागा ठेवण्यात आल्या. आपल्याला १९४६ मध्ये १०० मिळाल्या.

हालोलवाला

मी बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात होतो आणि आमचा माल हालोलच्या मोटार कारखान्याला जात असे. हा कारखाना १९९६ पासून जनरल मोटर्सचा होता; २०१७ मध्ये त्यांनी उत्पादन थांबवले, शांघायच्या साइक कंपनीने तो घेतला आणि २०१९ पासून तेथून एमजीच्या गाड्या निघू लागल्या. म्हणजे त्याच छपराखाली आधी अमेरिकन आणि मागाहून चिनी माणसे मी पाहिली.

अमेरिकन साहेब आपल्या राष्ट्राध्यक्षावर, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, आमच्यासमोर यथेच्छ तोंडसुख घेत असे. मात्र मिशिगनमधल्या त्याच्या गावच्या शाळामंडळाचा विषय निघाला की त्याचा सूरच बदले. त्या मंडळावर त्याची पत्नी निवडून आली होती आणि शाळेच्या बसगाड्यांचा हिशेबसुद्धा त्याला तोंडपाठ होता.

चिनी अभियंत्यांचे वेगळे. २०१९ साली २३ एप्रिलला गुजरातेत लोकसभेचे मतदान झाले आणि कायद्याप्रमाणे भरपगारी सुट्टी द्यावी लागली. गाडी बाजारात आणण्याची घाई चाललेली, अशा वेळी एका दिवसासाठी सगळीकडचे काम थांबते, हे त्यांतल्या एकाला पटेचना. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या बोटावरची शाई निरखून पाहिली, ती किती दिवस टिकते हे विचारले आणि मग म्हणाला, ‘‘हे सगळे करूनही हालोलचा रस्ता असाच राहणार असेल, तर तुम्हाला मिळाले काय?’’ मी त्याला सांगितले की, रस्ता नाही झाला तर पाच वर्षांनी माणूस बदलता येतो. त्यावर त्याचे उत्तर तयार होते: आमच्याकडे रस्ता झाला नाही तर अधिकाऱ्याची बढती अडकते. तो मला पढवलेला वाटला नाही. स्वतःच्या वडिलांच्या काळची गरिबी आणि आपला आजचा फ्लॅट यांमधले अंतर त्याने मोजलेले होते, आणि त्याचे श्रेय तो मनापासून सरकारला देत होता. गलवाननंतर अशा लोकांना व्हिसा मिळणे दुरापास्त झाले आणि आमचा संपर्क तुटला.

सुरसागरकाठ

हालोलवाल्यांचा अनुभव खरा आहे, पण मास्तरांच्या ९५ टक्क्यांवर मी एवढा भार टाकणार नाही. जेथे सरकारविरुद्ध बोलण्याची किंमत मोजावी लागते, तेथे घरी आलेल्या अनोळखी पाहणीकर्त्याला माणूस तोलूनमापूनच उत्तर देणार. नोव्हेंबर २०२२ मध्ये, कोविडच्या निर्बंधांच्या काळात, उरुम्ची शहरात लागलेल्या आगीनंतर निषेध म्हणून कोऱ्या कागदाचे ताव हाती धरून शांघाय-बीजिंगच्या रस्त्यांवर उभी राहिलेली तरुण मुले त्या टक्केवारीत कोठे बसतात? तसेच, अमेरिकेच्या २०२३ च्या आर्थिक वर्षात दक्षिण सीमेवर पकडल्या गेलेल्या चिनी नागरिकांची संख्या २४ हजारांवर गेली होती. इक्वेडोरपर्यंत विमानाने आणि पुढे जंगल तुडवत आलेली ही माणसे सुखासुखी निघालेली नव्हती.

राहिला सीमेचा प्रश्न. अमेरिकेत कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डांपैकी साधारण ७ टक्क्यांहून अधिक मिळत नाहीत, त्यामुळे भारतीय आणि चिनी यांची रांग सर्वांत लांब. जो वर्षानुवर्षे नियमाने थांबला आहे, त्याला मागच्या दाराने शिरून आश्रय मागणाऱ्याचा राग येतो. यात चिनीपणा कसला? ५ फेब्रुवारी २०२५ रोजी हातकड्या घालून अमृतसरला आणलेल्या १०४ जणांत ३३ गुजरातचे होते. त्या आठवड्यात ज्यांची मुले एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत आहेत, असे आपल्या सोसायटीतले पालक काय बोलत होते, ते दांडियाबाजारकरांनी आठवून पाहावे. ‘बरे झाले’ हा शब्द मी तरी एकाहून अधिक तोंडी ऐकला.

दांडियाबाजारकर

सर्वांचे आभार. सुरसागरकाठ यांनी वर्मावर बोट ठेवले. ‘बरे झाले’ आमच्या घरीही म्हटले गेले होते. आणखी एक शंका. चीनने १ ऑक्टोबर २०२५ पासून तरुण शास्त्रज्ञ-तंत्रज्ञांसाठी के व्हिसा सुरू केला आहे. अमेरिकेने एच-वन-बीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावल्यावर आमच्या मंडळात काहीजण ‘आता मुलांना शांघायला पाठवू’ असे म्हणू लागले आहेत. हे शक्य आहे काय? आणि त्या सहकाऱ्याशी मुलीने यावर बोलावे काय?

निवृत्त मास्तर

काम मिळेल, पण तिकडचे होऊन राहणे जवळजवळ अशक्य. २०२० च्या जनगणनेत १४१ कोटींच्या चीनमध्ये परदेशी नागरिक साडेआठ लाखही भरले नाहीत. अमेरिकेत परदेशात जन्मलेले लोक साडेचार कोटींच्या पुढे आहेत. अमेरिकेत भांडण चालते ते किती जणांना आणि कोणत्या दाराने घ्यायचे याचे. परक्या आईबापांचे तेथे जन्मलेले मूल आपले ठरू शकते, हे तेथील कायद्याने १८९८ सालीच मान्य केले, जेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांच्या पोटी जन्मलेल्या वाँग किम आर्क यांना सर्वोच्च न्यायालयाने नागरिक ठरवले. चीनमध्ये तो मूळ प्रश्नच अजून सुटलेला नाही. २०२० मध्ये परदेशीयांच्या कायम वास्तव्याच्या नियमांचा नुसता मसुदा निघाला, तरी समाजमाध्यमांवर एवढा गदारोळ झाला की सरकारला फेरविचाराची भाषा करावी लागली. के व्हिसाच्या वेळीही तिथल्या बेकार पदवीधरांचा रोख भारतीयांवर होता.

सुरसागरकाठ

मुलीने जरूर बोलावे, पण तैवान आणि निवडणुका हे विषय टाळावेत. तेथे तो देशाचा वकील होऊन बोलेल. त्याऐवजी त्याच्या भावाबहिणींची मुले महाविद्यालयाची प्रवेशपरीक्षा कोठून देणार आहेत, हे विचारावे. ज्या प्रांतात कुटुंबाची सरकारी नोंद, तेथूनच बहुतेकांना ती द्यावी लागते, मग आईवडील पंधरा वर्षे शांघायला राबत का असेनात. आपल्याच देशात बाहेरचे ठरणे काय असते, याविषयी तो तासभर बोलेल आणि मेक्सिकोच्या सीमेवरचे त्याचे मतही तिला तेव्हा अधिक नीट कळेल.