‘चोली के पीछे’ खरंच अश्लील आहे का?

मंजिरी: परवा भाच्याच्या हळदीत डीजेने ‘खलनायक’मधलं ‘चोली के पीछे’ लावलं आणि सासूबाई उठून आत गेल्या. १९९३ मध्ये या गाण्यावर केवढा गदारोळ झाला होता! दिल्लीत प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. गाणं मात्र थांबलं नाही. अलका याज्ञिक आणि इला अरुण या दोघींना मिळून त्याचं फिल्मफेअर मिळालं, २०२४ मध्ये ‘क्रू’मध्ये ते पुन्हा वाजलं.

माझं स्पष्ट मत आहे, गाण्यावर अन्याय झाला. ‘चोली के पीछे क्या है’ हा प्रश्न बाई विचारते, उत्तरही बाईच देते, आणि उत्तर आहे ‘दिल’. इला अरुणचा तो रांगडा राजस्थानी आवाज ऐका, त्यात लाचारी कुठे आहे? शिवाय सिनेमात माधुरी पोलीस अधिकारी आहे, गुन्हेगाराला पकडायला वेष बदलून नाचतेय.

सुनीता: मंजिरी, मी तेव्हा नववीत होते. शाळेच्या वाटेवर पानटपरी होती, तिथे दिवसभर हीच कॅसेट. आम्ही दिसलो की पोरं पहिली ओळ म्हणायची आणि थांबायची. तुझं ते ‘दिल’वालं उत्तर त्या टपरीवर एकदाही कुणी म्हटलं नाही. मी ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना लावायचे, वर दप्तर छातीशी धरायचे. सिनेमात माधुरी पोलीस होती हे मला काय कामाचं?

ढोलकीवाला: सुनीताताई, त्रास खरा आहे, पण दोष गीतकार आनंद बक्षींच्या माथी कशाला? द्वयर्थी बोलणं आपल्याकडे काय नवीन आहे? शृंगारिक लावणी घ्या, तमाशातली बतावणी घ्या. हे गाणं नसतं तर त्या पोरांनी दुसरं शोधलं असतं.

सुनीता: शोधलं असतं, मान्य. पण लावणीशी तुलना करू नका. फडावरची बाई समोर उभी असते, कुणी आगाऊपणा केला तर तिथल्या तिथे त्याची जिरवते. चौदा वर्षांच्या मुलीने टपरीसमोर काय जिरवायची? आणि दिग्दर्शक सुभाष घईंना, बक्षींना पहिली ओळ कुठे जाऊन लागणार हे कळत नव्हतं असं मी मानणार नाही. ती ओळ त्यासाठीच लिहिलीय. म्हणून तर ती चालली.

मंजिरी: ताई, गाणं मला अजूनही आवडतं, ते खोटं कशाला सांगू. पण आज सकाळी सासूबाईंना विचारलं. त्या तेव्हा हायस्कूलला शिकवायच्या. म्हणाल्या, त्या वर्षी गणपतीत मांडवातल्या पोरांनी हे गाणं म्हणत वर्गातल्या दोघींचा पिच्छा पुरवला. घरच्यांनी मुलींचा संध्याकाळचा क्लासच बंद केला. मला हे आजवर माहीत नव्हतं. तुम्ही घरी सांगितलं होतं का?

सुनीता: नाही. शाळा बंद केली असती.