मदत हवी आहे: कन्व्हर्टिबलचा पॉवर टॉप बंद करताना डावा कोपरा वर राहतोय

नमस्कार मंडळी, फोंड्याहून लिहितोय. काकांची २०१२ ची दोन दारांची कन्व्हर्टिबल आहे, कापडी टॉप, बटण दाबलं की हायड्रॉलिकवर, म्हणजे पंपाने दिलेल्या तेलाच्या दाबावर, उघडतो आणि मिटतो. काका बोटीवर होते, निवृत्त झाल्यावर मुंबईहून सेकंडहँड घेतली, पण दोन वर्षं गुडघ्यामुळे त्यांना चालवता येत नाही म्हणून गाडी आमच्याकडे आंब्याखालच्या शेडमध्ये असते, मी पंधरा दिवसांनी एकदा फर्मागुडीपर्यंत फिरवून आणतो.

आता प्रॉब्लेम. टॉप उघडतो बऱ्यापैकी. बंद करताना पुढे येतो, उजवा हुक काचेच्या चौकटीतल्या खाचेत बसतो आणि डावा दोन बोटं वर अडकतो, पंप घूं घूं करत राहतो, मग लाल दिवा लागून सगळं थांबतं. बाहेर उभं राहून कुणी डावा कोपरा खाली दाबला तर लॉक होतं. त्या डाव्या हुकाच्या टोकाचा काळा रंग पार उडालाय, आतलं लोखंड चकाकतंय, म्हणजे तो बरेच दिवस खाचेच्या कडेवर आपटत असणार आणि माझ्या लक्षातच आलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

बॅटरी नवीन टाकली, कारण व्होल्टेज पडलं की टॉप मधेच थांबतो असं वाचलं होतं. डिकीतला पडदा (सामान आणि मिटलेला टॉप यांच्या मधला) खालीच आहे, तो खाली नसता तर टॉप हललाच नसता. टॉपच्या खोबणीतली पाणी जायची भोकं मोहर आणि कुजक्या पानांनी गच्च होती, मऊ नळी घालून मोकळी केली. एका गॅरेजवाल्याने सांगितलं की फ्रेमचे बोल्ट सैल करून डावी बाजू खाली ओढूया, दुसरा म्हणतो आख्खी फ्रेम बदला, आणि तो खर्च आम्हाला झेपणारा नाही. पाना आणून ठेवलाय पण बोल्टला लावायचं धाडस होत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येईल. आधी बोल्ट की आधी हायड्रॉलिक?

म्हापशाचा मिस्त्री: दादा, बोल्टला हात लावू नको. फ्रेम आपोआप तिरकी होत नाही, कायतरी ठोकर लागली किंवा कुणी ओढली तरच होते. दोन्ही बाजूंना वेगळे सिलिंडर असतात, एकाचं सील गेलं की ती बाजू मागे पडते आणि फ्रेम पीळ खाते. पहिलं हे कर, मॅन्युअल बघून पंपाचा इमर्जन्सी व्हॉल्व्ह सैल कर आणि दोघांनी दोन बाजूंना धरून टॉप हाताने बंद करा. हाताने डावा हुक सरळ खाचेत गेला तर अलाइनमेंट बरोबर आहे, दोष तेलाचा. हातानेही वर राहिला तरच फ्रेम बघायची. आणि टॉप अर्धा वर असताना खाली लाकडाचा टेकू दिल्याशिवाय आत हात घालू नको, प्रेशर गेलं की तो बोटांवर येतो.

पर्वरीकर: बाजूच्या कापडाला आतून इलॅस्टिकचे पट्टे असतात ते पण बघा, तुटले असतील तर कापड फ्रेमच्या सांध्यात अडकतं आणि असंच दिसतं.

धागाकर्ता: मिस्त्रीबाब, तुम्ही म्हणालात तेच निघालं! हाताने टॉप लोण्यासारखा बसला. मग मागच्या सीटच्या बाजूचं डावं पॅनेल काढलं, सिलिंडरच्या दांड्याखाली रुमाल फिरवला तर तेलाने चिकट, उजवीकडचा रुमाल कोरडा. पट्टे शाबूत आहेत. सिलिंडर काढून सील बदलून आणलं, पंपाच्या टाकीत मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच तेल घातलं, टॉप चार-पाच वेळा पूर्ण उघडून बंद केला तेव्हा आतली हवा निघाली. आता डावी-उजवी बाजू बरोबर येते, लॉकही होतं. फक्त नळीने पाणी मारलं तर डाव्या कोपऱ्यातून अजून एक-दोन थेंब आत येतात.

म्हापशाचा मिस्त्री: तो घासलेला हुक. आता पाना घे, पण फक्त हुकाच्या बोल्टला. आधी बोल्टभोवती पेंटच्या पेनने रेघ मार म्हणजे मूळ जागा हरवणार नाही, मग अर्धा आटा फिरव, टॉप बंद कर, पाणी मार. पुरलं नाही तर परत अर्धा. एकदम जास्त ओढलास तर उजवीकडचं रबर दबेल. आणि दाराची काच वर जाऊन रबराला सगळीकडे सारखी टेकते का ते पण बघ, कितीदा पाणी तिथूनच येतं.

धागाकर्ता: दोनदा अर्धा-अर्धा फिरवला, काच व्यवस्थित टेकते. दहा मिनिटं पाणी मारलं, सीट कोरडी. काकांना फोन केला तर म्हणाले, रविवारी येतो, पाऊस यायच्या आधी एकदा टॉप उघडा टाकून मंगेशीला जाऊन येऊया.